कमरेला पिस्तूल : सडपातळ की भरगच्च?

कपड्यांआड पिस्तूल बाळगणाऱ्या अमेरिकन माणसाला एक प्रश्न वर्षानुवर्षे छळत आला आहे. अंगाशी चपटे बसणारे, मोजक्या गोळ्यांचे पिस्तूल घ्यावे, की जाड, जड पण गोळ्यांनी भरलेले? प्रश्न वरवर दुकानदारीचा वाटतो. पण त्यात कायदा आहे, यंत्रज्ञाची कारागिरी आहे, आणि रोजच्या संसारातली धास्तीही आहे.

१६ ऑक्टोबर १९९१. टेक्सासमधील किलीन गावातले ‘लूबीज’ हे उपाहारगृह दुपारच्या जेवणासाठी गच्च भरले होते. पाठीच्या कण्यावर उपचार करणारी सुझॅना ही तरुणी आईवडिलांबरोबर जेवायला आली होती. इतक्यात एक छोटा ट्रक दर्शनी काच फोडून थेट आत घुसला आणि त्यातून उतरलेल्या माणसाने गोळ्या झाडायला सुरुवात केली. सुझॅनाचा हात पर्सकडे गेला. दुसऱ्याच क्षणी तिला आठवले, की आपले रिव्हॉल्व्हर बाहेर मोटारीत आहे. टेक्सासमध्ये तेव्हा शस्त्र लपवून बाळगणे गुन्हा होता, आणि पकडले गेल्यास व्यवसायाचा परवाना जाईल या भीतीने ते तिने गाडीतच ठेवले होते. हल्लेखोराला रोखायला धावलेले वडील तिच्या डोळ्यांदेखत कोसळले. कुणीतरी फोडलेल्या खिडकीतून ती निसटली. आई मात्र पतीजवळच थांबली. त्या दिवशी २३ जणांचे प्राण गेले. त्यांत सुझॅनाचे आईवडील दोघेही होते.

पुढे सुझॅना हप या नावाने तिने राज्याराज्यांतल्या विधिमंडळांपुढे साक्षी दिल्या. १९९५ मध्ये टेक्सासचे तत्कालीन गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी परवानाधारकांना लपवून शस्त्र बाळगू देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि १९९६ च्या निवडणुकीत ती स्वतः आमदार झाली. तिच्या हाती शस्त्र असते तर काय घडले असते, यावर अमेरिकेत आजही कडाक्याचे वाद होतात. पण ‘पिस्तूल आहे, मात्र जवळ नाही’ ही तिची कहाणी लपवून शस्त्र बाळगणाऱ्यांच्या जगात जणू पहिला धडा ठरली. जवळ ठेवायचे, तर ते रोज, दिवसभर, न कुरकुरता जवळ ठेवता आले पाहिजे. सडपातळ पिस्तुलाची सारी वकिली या एका वाक्यावर उभी आहे.

एका पेन्सिलीचा फरक

पिस्तुलाची जाडी ठरते ती मुठीत बसणाऱ्या मॅगझिनवरून. मॅगझिन म्हणजे काडतुसांची डबी. तिच्यात काडतुसे दोन तऱ्हांनी भरता येतात. एक तर मटाराच्या शेंगेतल्या दाण्यांसारखी एकाच ओळीत, एकावर एक. नाही तर दोन ओळींत, एकमेकांच्या खाचेत बसवून, वेणीचे पेड घालावेत तशी. पहिल्या तऱ्हेत डबी चपटी राहते, मूठ हातात छान बसते, पण गोळ्या सहा-सात-आठच मावतात. दुसऱ्या तऱ्हेत तेवढ्याच उंचीत जवळजवळ दुप्पट गोळ्या बसतात, आणि मूठ फुगते.

दोन ओळींची युक्ती नवी नाही. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्रकाराने सुरू केलेले आणि त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या द्यूदोने सेव याने पूर्णत्वाला नेलेले ‘हाय-पॉवर’ पिस्तूल १९३५ मध्ये आले, ते १३ गोळ्यांचे होते. याच घराण्यातले पिस्तूल पुढे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि आपल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या कमरेला लागले. पण ते चामडी पट्ट्यावर उघड मिरवायचे शस्त्र. शर्टाखाली दडवायचे झाले की हिशेब बदलतो.

उदाहरणादाखल एकाच ऑस्ट्रियन कंपनीची दोन पिस्तुले घेऊ. ‘ग्लॉक १९’ मध्ये १५ गोळ्या मावतात आणि त्याची जाडी सुमारे ३४ मिलिमीटर. २०१५ मध्ये आलेल्या ‘ग्लॉक ४३’ मध्ये गोळ्या ६, आणि जाडी सुमारे २७ मिलिमीटर. फरक सात मिलिमीटरचा, म्हणजे शाळेच्या दप्तरातल्या एका पेन्सिलीच्या जाडीचा. नऊ गोळ्या गमावून माणूस एक पेन्सिल वाचवतो!

ऐकायला हास्यास्पद वाटते. पण ज्याने दिवसभर कमरेच्या पट्ट्याआड काहीतरी टणक खोचून पाहिले आहे, तो हसणार नाही. मोटार चालवताना ते पोटात रुतते. खाली पडलेली किल्ली उचलायला वाकले, की शर्ट वर सरकतो. अंगावरच्या कपड्यातून पिस्तुलाचा आकार उमटला, तर त्याला तिकडे ‘प्रिंटिंग’ म्हणतात, म्हणजे छापा उठणे. टेक्सास-फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात, एका सुती शर्टावर वावरताना, हा छापा उठू न देणे ही रोजची कसरत असते. शिवाय वजन आहेच. पूर्ण भरलेले ग्लॉक १९ साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जाते, तर ४३ सहाशेच्या आसपास राहते.

स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. त्यांच्या पोशाखाला बहुधा जाड पट्टाच नसतो, कपडे अंगासरशी असतात आणि खिसे तर शिंप्याने उपकार केल्यासारखे. पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेले सल्ले वाचून घेतलेले भरभक्कम पिस्तूल पहिला आठवडा उत्साहाने बाळगले जाते, दुसऱ्या आठवड्यात गाडीत राहते आणि महिनाभरात पलंगाशेजारच्या खणात जाऊन पडते. म्हणजे फिरून किलीनचीच कथा.

सडपातळ असण्याची किंमत

मग सगळ्यांनी चपटेच का घेऊ नये? कारण हलक्या पिस्तुलाचा धक्का जास्त बसतो. काडतूस तेच, स्फोट तोच, पण तो सोसायला हातात वस्तुमान कमी. मूठ आखूड असल्याने करंगळीला जागाच उरत नाही, ती खाली लोंबकळत राहते. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर कमी, त्यामुळे नेमातली किंचितशी चूकही लक्ष्यापाशी मोठी होते. चार डब्या झाडल्या की तळहात दुखायला लागतो, आणि दुखणाऱ्या गोष्टीचा सराव कुणी आवडीने करीत नाही. लहान पिस्तूल नवशिक्याला देऊ नये असे सांगणारे शिक्षक आहेत, ते यामुळेच. ते नवशिक्याच्या हातचे नव्हे, सरावलेल्या हाताचे हत्यार आहे. दुकानात मात्र ‘लहानखुरे, बायकांसाठी’ म्हणून तेच आधी पुढे केले जाते.

एक बारकावा फारसा कुणी सांगत नाही. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे खेचल्याशिवाय पहिली गोळी नळीत चढत नाही. लहान पिस्तुलात हा भाग हलका असल्याने त्यामागची स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. संधिवाताने आखडलेल्या बोटांना किंवा बारीक मनगटाला ती ओढवत नाही. २०१८ मध्ये ‘स्मिथ अँड वेसन’ने मुद्दाम सोपी ओढ असलेले ‘शील्ड ईझेड’ काढले, ते ही अडचण ओळखूनच.

किती गोळ्या पुरेत?

आता दुसरी बाजू. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड नाट्यगृहात अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेले खिशातले पिस्तूल एका गोळीचे होते. १९५० मध्ये आलेले स्मिथ अँड वेसनचे आखूड नळीचे ‘चीफ्स स्पेशल’ रिव्हॉल्व्हर पाच गोळ्यांचे होते, आणि साध्या वेशातल्या पोलिसांच्या कित्येक पिढ्यांना पाच पुरेशा वाटल्या.

पुरेशा न वाटण्याचा दिवस ११ एप्रिल १९८६ ला उगवला. मायामीत ‘एफबीआय’चे आठ अधिकारी दोन दरोडेखोरांशी भिडले. पाच मिनिटांच्या आत दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. काहींजवळ रिव्हॉल्व्हरे होती, आणि जखमी हाताने रिव्हॉल्व्हर पुन्हा भरणे काय असते ते त्या सकाळी कळले. त्यानंतर अमेरिकेतील पोलीस झपाट्याने जास्त गोळ्यांच्या पिस्तुलांकडे वळले. पोलिसांच्या मागोमाग नागरिक वळले. ‘गोळ्या उरलेल्या बऱ्या, संपलेल्या नकोत’ असा साधा व्यवहार त्यांनी मांडला.

या व्यवहाराला आकडेही साथ देतात. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातील गोळीबारांचा अभ्यास ‘रँड’ या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केला. समोरून उलट गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी १८ गोळ्याच नेमक्या लागल्या होत्या. समोरचा गोळीबार करीत नसतानाही हे प्रमाण ३० टक्केच होते. प्रशिक्षित पोलिसाची ही स्थिती, तर वर्षातून दोनदा मैदानावर जाणाऱ्या गृहस्थाचे काय? सहा गोळ्यांपैकी एखादी लागली तर नशीब. म्हणून पंधरा हव्यात, असे भरगच्च पिस्तुलाचे समर्थक म्हणतात.

पण हाच आकडा उलटा धरून पाहिला तर? न लागलेल्या ८२ गोळ्या कुठे गेल्या? २४ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीपाशी, सकाळच्या गर्दीत, दोन पोलिसांनी एका खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. तो ठार झाला. त्याच्याबरोबर रस्त्यावरचे नऊ जण पोलिसांच्या गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. जास्त गोळ्या बाळगणारा जास्त चुकाही बाळगतो, हा हिशेब विक्रीच्या पत्रकात कधी छापलेला नसतो.

कायद्याने पिस्तूल आखडले

गंमत अशी, की पिस्तूल लहान करण्यात एका बंदीचा मोठा हात आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने नागरिकांसाठी दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिने बनवण्यास मनाई केली. दहाच गोळ्या ठेवायच्या, तर मग पंधरांसाठीची लांब मूठ हवी कशाला? कारखानदारांनी मूठ कापली, नळी कापली. १९९५ मध्ये ‘ग्लॉक २६’ आले, ते बरोबर दहा गोळ्यांचे. फ्लोरिडाने १९८७ मध्ये लपवून शस्त्र बाळगण्याचे परवाने सर्व पात्र अर्जदारांना खुले केले होते, त्याचे अनुकरण इतर राज्ये करीत होतीच. गिऱ्हाईक तयार होते आणि मालही तयार झाला. ही बंदी सप्टेंबर २००४ मध्ये मुदत संपून गेली, आखडलेली पिस्तुले मात्र राहिली.

तरीही ग्लॉक २६ दोन ओळींचे, म्हणून बुटके पण जाडच होते. खरी कलाटणी २०१८ च्या जानेवारीत मिळाली. ‘सिग सॉवर’ने ‘पी ३६५’ बाजारात आणले. वर्षाचे ३६५ दिवस बाळगता येईल असे, असा त्या नावाचा अर्थ. जाडी सडपातळ पिस्तुलांइतकीच, वजन रिकामे असताना जेमतेम अर्धा किलो, आणि गोळ्या दहा! युक्ती मॅगझिनच्या आकारात होती. काडतुसे पुरती दोन ओळींत न लावता अर्धवट खेटून बसवली, आणि डबी तोंडाकडे निमुळती होत गेली. २०१९ मध्ये स्प्रिंगफील्डचे ‘हेलकॅट’ अकरा गोळ्या घेऊन आले. २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसनने आपल्या जुन्या चपट्या ‘शील्ड’ची दहा आणि तेरा गोळ्यांची आवृत्ती काढली. सडपातळ की भरगच्च, या भांडणातली ती पेन्सिल कारागिरांनी जवळजवळ पुसून टाकली.

भांडण मात्र मिटले नाही. दहा मिळाल्यावर बारा का नाहीत, बारावर तेरा का नाहीत, म्हणून खालून लांबवलेली मॅगझिने आली. मूठ पुन्हा लांबली, पुन्हा शर्टावर छापा उठू लागला आणि लोक पुन्हा चपटे पिस्तूल शोधू लागले.

खणातले आणि पर्समधले

डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातील एका मोठ्या दुकानात एक आई मुलांना घेऊन खरेदी करीत होती. तिच्याजवळ रीतसर परवाना होता आणि पिस्तुलासाठी खास कप्पा असलेली पर्स होती. पर्स ट्रॉलीत ठेवलेली आणि शेजारी दोन वर्षांचा मुलगा. त्याने कप्प्याची चेन उघडली. एक गोळी सुटली आणि आई जागच्या जागी गेली. त्या पिस्तुलात आणखी किती गोळ्या होत्या, याला काही अर्थ उरला नाही.

प्यू संशोधन केंद्राने २०२३ मध्ये घेतलेल्या पाहणीत ३२ टक्के प्रौढ अमेरिकनांनी स्वतःची बंदूक असल्याचे सांगितले. स्वसंरक्षण हे त्यामागचे मोठे कारण असल्याचे त्यांच्यातल्या ७२ टक्क्यांनी म्हटले. त्याच २०२३ मध्ये त्या देशात गोळी लागून ४६,७२८ माणसे मेली. यांतल्या सुमारे २७,३०० जणांनी आत्महत्या केली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यूंत शस्त्र रोखले गेले ते धरणाऱ्यावरच. तिथे अंधाऱ्या गल्लीतला चोर नव्हता. आणि या कामाला एक गोळी पुरते, पिस्तूल सहांचे असो की पंधरांचे. रात्री घरी आल्यावर ते कुठे ठेवायचे, किल्ली कुणाजवळ राहील, घरात कुणी खचलेले आहे काय, हे प्रश्न दुकानाच्या काउंटरवर विचारले जायला हवेत. तिथे चर्चा चालते ती मिलिमीटरांची.

एडिसनमधल्या मराठी घरात

न्यू जर्सीतील एडिसन, जर्सी सिटी या भागांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तिथे वर्षानुवर्षे सर्वसामान्य माणसाला पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळणे जवळपास अशक्य होते, कारण ‘सबळ गरज’ सिद्ध करावी लागे. २३ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या अशाच अटीवर निकाल दिला. ‘ब्रुएन खटला’ म्हणून तो ओळखला जातो. या निकालाने घराबाहेर स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणे हा घटनादत्त हक्क ठरला आणि न्यू जर्सीला आपली अट सोडावी लागली. राज्याने त्याच वर्षी डिसेंबरात नवा कायदा करून प्रशिक्षणाची आणि नात्यात नसलेल्या चार माणसांच्या शिफारशीची अट घातली. आपल्याकडे चार माणसांची शिफारस ऐकली की लग्नाची बोलणी आठवतात. तिथे पोलीस त्या चौघांना खरोखरच विचारतात.

मॅगझिनचा प्रश्न तर न्यू जर्सीने २०१८ मध्येच आपल्यापुरता सोडवला होता. दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन बाळगायला तिथे त्या वर्षीच्या कायद्याने बंदी आली. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातही मर्यादा दहाचीच घातली गेली आहे, आणि या मर्यादांविरुद्ध न्यायालयांत लढाया झाल्या आहेत. दहाच भरायच्या, तर जाड पिस्तूल का वागवा, असा विचार करून अशा राज्यांतले लोक पी ३६५ किंवा दहा गोळ्यांच्या ‘ग्लॉक ४३ एक्स’कडे वळतात. ज्या टेक्सासात असा आकडाच नाही, तिथले गिऱ्हाईक तेरा-पंधरा-सतरा चाळत बसते.

अमेरिकेत असलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या मुलाबाळांच्या पालकांनी एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याने बंदूक वा काडतुसे बाळगणे हा तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असे काही मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड झालेल्यांची गोष्ट वेगळी. तरीही एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालेलच असे नाही. न्यू जर्सीचा परवाना घेऊन नदीपलीकडे न्यूयॉर्कला जेवायला गेलेला माणूस तिथे गुन्हेगार ठरतो.

कानपूरचे उत्तर

आपल्या देशात हा प्रश्न या रूपात उभाच राहत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हा हक्क नसून जिल्हा प्रशासनाने वा पोलीस आयुक्तांनी कारण पाहून द्यायची गोष्ट आहे. ज्या नऊ मिलिमीटरच्या काडतुसाभोवती अमेरिकेतला हा सारा बाजार फिरतो, ते सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्याही तीनवरून दोनवर आणली.

तरी जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने एक शस्त्र खास स्त्रियांसाठी म्हणून काढले होते. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर ज्या मुलीला देशाने ‘निर्भया’ म्हटले, तिच्या नावावरून त्याला ‘निर्भीक’ हे नाव दिले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, .३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. वजन ५०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पी ३६५ इतकेच. किंमत मात्र सव्वा लाखाच्या घरात, आणि त्यापुढे परवान्याची पायपीट. रिव्हॉल्व्हरचे गोळ्यांचे चक्र फिरते असते. ते चपटे करणे जगात कुणालाच जमलेले नाही, कानपूरच्या कारागिरांनाही नाही. साडीच्या निऱ्यांत किंवा सलवारीच्या नाडीशी ते बसण्यासारखे नव्हते. म्हणून ते विकायला आले, तेव्हा सांगितले गेले, की हे बाईच्या पर्समध्ये सहज मावते.